गाडी खाली घेता येत होती

माझी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हल्ली माझ्या बायकोची माफी मागते. आखाजीला माहेरी आली की ओसरीवर टेकते, पाण्याचा तांब्या हातात घेते आणि घोट घ्यायच्या आधी म्हणते, "वहिनी, मी तसं बोलाले नको व्हतं. आते कसानं माहेर, असं म्हन्नं मी. मना तोंडले काई लगाम नई." बायको म्हणते, "जाऊ द्या अक्का, पाणी प्या आधी." अक्का पाणी पिते, मान हलवते. दिवे लागेपर्यंत तिला त्यातलं काही आठवत नाही, आणि मग ती पुन्हा पहिल्यापासून माफी मागते.

"आता कसलं माहेर" हे वाक्य अक्का कधी बोललेली नाही. ते मी तयार केलं आणि तिच्या तोंडी घातलं. तिचं वय झालं, डोक्यातलं एकेक निसटत चाललं आहे. नवऱ्याचं आजारपण तिला आठवत नाही, नातवंडांची नावं ती अदलाबदल करते, पण मी बनवलेलं हे वाक्य मात्र तिच्यापाशी पक्कं राहिलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो. या आखाजीपर्यंत घरात ज्याला जे सांगितलं ते खोटं होतं. खरं काय घडलं ते एकदा सलग लिहून ठेवतो.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, खापरावर मांडे होतात, आमरस होतो. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी एवढासा होतो. आई आमची आधीच गेली होती, मला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडणारी अक्काच. तिला पिंपळनेरकडे दिली. पहिल्या आखाजीला वडिलांबरोबर मीही मुराळी म्हणून गेलो. तेव्हापासून एकही आखाजी चुकली नाही. आधी बैलगाडी, मग एसटी, मग मोटारसायकल. मोटारसायकलवर मागे बसून अक्का आमच्या एरंडोलपर्यंत माझ्या पाठीवर थापा मारायची आणि म्हणायची, "धीरे चाल रे, मुराळी का दरोडेखोर?"

आमच्या घरात एक रीत होती, वडिलांनी घालून दिलेली. मुराळी एकदा रिकाम्या हाती परतला, लेकीने यायला नकार दिला, तर पुढल्या वर्षी माहेरहून कुणी जायचं नाही. तिच्याकडून निरोप आला तरच जायचं. आणि सासरी गेलेल्या लेकीची रीत अशी, की बोलावणं आल्याशिवाय माहेरची वाट धरायची नाही. दोन्ही रीती मला तोंडपाठ होत्या. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे "मला काय ठाऊक" असं म्हणायला मला जागा नाही.

एरंडोलला आमचं मोटरपंपांचं आणि पाइपांचं दुकान. ते मुलाच्या हाती दिलं आणि आयुष्यभराची हौस म्हणून मी एक मोठी, चौकोनी, डिझेलची गाडी घेतली. सात माणसं बसणारी. त्या वर्षी पहिल्यांदा गाडी घेऊन मुराळी गेलो. अक्काचं घर गावाबाहेर मळ्यात आहे. मध्ये एक नाला लागतो. उन्हाळ्यात कोरडा असतो, पण तळाला बैलाच्या डोक्याएवढे गोटे. त्यातल्या एकावर माझी नवी गाडी पोटाने टेकली. पुढे जाईना, मागे येईना. मळ्यातली माणसं धावत आली. सगळ्यांत पुढे अक्काचा धाकटा दीर. हा माणूस माझ्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला.

"ट्रॅक्टर लावा रे," तो ओरडला, "मामानी गाडी अंडावर बठनी!"

पोराटोरांसकट सगळा मळा हसला. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. अक्का दारातून दिराला रागावत होती, "नवी गाडी शे मना भाऊनी, नजर लावू नका." पण मला अक्काचा शब्द ऐकू येत नव्हता. दिराचं हसणं ऐकू येत होतं. धुळ्यापर्यंत ते माझ्या कानात राहिलं. अक्का शेजारच्या सीटवर बसून कैऱ्या किती लागल्या ते सांगत होती, आणि मी मनात गाडी उंच करत होतो.

त्यानंतरचं वर्ष मी एका नादात काढलं. दुकानाच्या गल्ल्यामागे खुर्ची टाकून मोबाइलवर गाड्या उंच कशा करतात तेच पाहायचो. पाच अश्वशक्तीचा पंप विचारायला आलेल्या माणसाला मी कॉइलओव्हर समजावून सांगितल्याचं मुलगा अजून सांगतो. कॉइलओव्हर म्हणजे तसं सोपं प्रकरण आहे. शॉकअपची दांडी आणि तिच्याभोवतीच स्प्रिंग, दोन्ही मिळून एक नग. गाडीबरोबर कंपनीचा येतो तो एका उंचीला कायमचा. बाजारात मिळतात त्यांत काही तसेच, फक्त जरा उंच. आणि काही असे की दांडीला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावर एक जाड कडं बसतं आणि कड्यावर स्प्रिंग टेकते. कडं फिरवून वर नेलं की गाडी वर. कडं खाली आणलं की गाडी खाली.

निवड करायची तर बरंच पाहावं लागतं. स्प्रिंग किती कडक हवी ते गाडीत वजन किती असणार यावर ठरतं. पुढे लोखंडी बंपर लावणार असाल तर कडक घ्या, नुसतीच गाडी असेल तर कडक स्प्रिंग कंबर मोडते. आत तेल आणि गॅस एकाच नळीत हवा की दोन नळ्यांत, हेही ठरवावं लागतं. लांबच्या खडबडीत रस्त्यावर शॉकअप तापतो आणि मऊ पडतो, एका नळीवाला उशिरा तापतो. हे सगळं मी शिकलो. रात्री जेवताना बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "तुम्हाला नाला ओलांडायचाय की डोंगर?" धरणगावच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी ती, बोलते कमी पण नेमकं बोलते.

धुळ्याला हमरस्त्याच्या कडेला एक दुकान आहे, गाड्यांना असलं सगळं बसवून देणारं. मालक तरुण, डोक्यावर उलटी टोपी, येणाऱ्या प्रत्येक गाडीचं मोबाइलवर चित्रण करणारा. मी आखाजीच्या आधी तिथे गेलो.

"बोला आबा, किती वर घ्यायची?"

"नाल्यातला गोटा लागायला नको एवढी."

"गोटा आणलाय का बरोबर? माप घेऊ."

मी नडगीवर हात ठेवून दाखवलं. तो हसला. त्याने आधी मला साधा, ठरावीक उंचीचा नग दाखवला. "हा घ्या. दीड इंच मिळेल. बसवा आणि विसरून जा." मी म्हटलं, मला आटेवाला हवा. तो म्हणाला, "आबा, त्याच्यात भानगडी जास्त. कड्यात माती जाते, साफ ठेवावं लागतं. तुम्हाला कशाला वर-खाली करायचंय?" मी त्याला शहाणपण शिकवलं. म्हणालो, "उद्या जमलं नाही तर खाली घेता यायला पाहिजे. वस्तू घ्यायची तर परतीची वाट ठेवून घ्यावी."

हे माझे शब्द. तो नग मी एवढ्याच कारणासाठी निवडला, की त्याने गाडी खाली घेता येते.

स्प्रिंग मी सर्वांत कडक निवडली. पुढे लोखंडी बंपर लावणार आहे असं सांगितलं. तो कधी लावला नाही. टायरही एक माप मोठे घेतले. पोऱ्यांनी काम सुरू करायच्या आधी मालकाने दारांखालची पायदानं दाखवली. "ही ठेवायची ना? की काढू? दगडाला पहिली हीच लागतात."

"काढ. काळी-पिवळी वाटते त्यांच्यामुळे."

"चढायला उंच होईल बरं का. घरात म्हातारं माणूस आहे का कुणी?"

तो माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहून बोलला असं मला वाटलं. माझं डोकंच फिरलं. "म्हातारं? कोण, मी?" म्हणून मी तिथल्या तिथे दाराच्या मुठीला धरून एका दमात गाडीत चढून दाखवलं. गुडघ्यात कळ आली ती दाखवली नाही. "कुणी म्हातारं नाही," मी म्हणालो. अक्का मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही. जिच्या दारी जायला हा सगळा खटाटोप, तिच्या गुडघ्यांत दोन वर्षांपासून पाणी होतं हे मला माहीत होतं, आणि तरी आठवलं नाही. कारण मी दारी अक्कासाठी जात नव्हतो. दिरासाठी जात होतो.

काम झाल्यावर मालकाने कोयत्यासारखा वाकडा एक पाना माझ्या हातात दिला. कड्याच्या खाचेत तो कसा अडकवायचा ते वाकून दाखवलं. "जॅकवर घ्यायची, हे असं फिरवायचं. मागे स्प्रिंगखाली चकत्या आहेत त्या काढायच्या. कुठलाही गॅरेजवाला दुपारच्या आत करून देईल." पाना मी सीटखाली ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन नाल्यावर पोचलो. थांबलोसुद्धा नाही. सरळ गोट्यांवरून गाडी घातली आणि पलीकडे काढली. दीर बाजेवर बसला होता, तो उठून उभा राहिला. मला दुसरं काही नको होतं.

"पाव्हना," तो गाडीभोवती फिरून म्हणाला, "गाडी लई उनात का माडी?"

गाडी आणलीत की माडी, हे मला कौतुकच वाटलं. चहा झाला. अक्का आतून तयार होऊन आली. नवं नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात माहेरची पिशवी. पिशवीत सांजोऱ्या होत्या, माझ्या नातवासाठी. सुना तिच्या पाया पडल्या. शेजारच्या मळ्यातल्या बायका निरोप द्यायला आल्या होत्या. या वयातही मुराळी येतो म्हणून अक्काचा मान होता आणि तो ती मिरवायची.

मी दार उघडलं. सीट तिच्या छातीशी येत होती.

तिने मुठीला हात घातला, पाय उचलला. पाय काठापर्यंत गेलाच नाही. ती हसली. "हाथी लई उना का रे भाऊ?" बायका हसल्या. सुनेने पाट आणून ठेवला. पाटावर उभी राहिली, तरी गुडघा वाकेना. मग बाज आणली. बाजेवर ती कशीबशी चढली, पण सुतळी ढिली, बाज डुलायला लागली. आता ती दाराच्या उंचीला आली होती, पण आत वाकून शिरायला गुडघे हवेत. मी आतून हात ओढत होतो, सुना मागून रेटत होत्या. दिराला राहवलं नाही. "ट्रॉली आना रे, वहिनीले कपाशीगत भरी टाका!" सगळे खो खो हसले. त्याच वेळी लुगड्याचा काठ दाराच्या कडीत अडकला, ते गुडघ्याच्या वर ओढलं गेलं आणि डोक्यावरचा पदर खाली आला.

लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून दिरासमोर अक्काचा पदर कधी ढळला नव्हता. हसणं थांबलं. दीरच आधी पाठमोरा झाला. सुनेने लुगडं सोडवलं. अक्का बाजेवरून खाली उतरली, उंबऱ्यावर बसली, पदर नीट केला आणि बराच वेळ पिशवीचे बंद आवळत राहिली.

मग दीर माझ्याजवळ आला. आवाजात थट्टा नव्हती. त्याने चाकाआड वाकून पाहिलं. "पाव्हना, याले खाले करता येत नई का?"

पाना सीटखाली होता. पिंपळनेर जवळ होतं. दुपारच्या आत अक्का गाडीत बसली असती.

मी म्हणालो, "नाही. ही अशीच येते."

का म्हणालो? ज्या नाल्यासाठी गाडी वर केली, त्या नाल्याच्या काठावर, त्याच माणसासमोर ती खाली करायची, हे मला सोसलं नाही. आणखी काही कारण नव्हतं. मी खूप शोधलं, निदान आपल्यापुरतं बरं दिसणारं एखादं कारण सापडेल म्हणून. सापडलं नाही.

"तू जाय भाऊ," अक्का उंबऱ्यावरून म्हणाली. "लोक देखी राह्यनात. पुढला साल येसू मी." तिने सांजोऱ्यांचा डबा पिशवीतून काढून माझ्या हाती दिला.

पिंपळनेरला रस्त्यावर एक गॅरेज उघडं होतं. दारातच जॅक पडलेला. मी गाडी हळू केली. मिस्त्री हात पुसत उठला. मी गाडी पुढे घेतली.

घरी लिंबाला झोका बांधून तयार होता. बायको पायावर घालायला पाणी घेऊन दारात उभी. गाडीतून मी एकटाच उतरलो. "अक्का?"

वाटभर मी काय सांगायचं ते जुळवत आलो होतो. गाडीत चढता आलं नाही असं सांगितलं असतं तर "मग खाली का नाही घेतली?" हा पुढचा प्रश्न बायकोने त्याच दमात विचारला असता, तो मला ऐकू येत होता. म्हणून सांगितलं, "नाही आली. तिचं मन नाही. म्हणाली, आता कसलं माहेर."

बायकोने तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "लुगड्याचं लागलं असेल त्यांना." आदल्या वर्षी आमच्या नातीच्या लग्नात अक्काला मानाचं लुगडं दिलं होतं. ते अक्काच्या मनासारखं नव्हतं अशी कुणीतरी कुजबुज केली होती. मी म्हणालो, "असेल." या एका शब्दाने मी दोन बायकांना एकमेकींपासून तोडलं. आतून नातू ओरडला, "आत्याआजीच्या सांजोऱ्या!" रागावलेली बाई सांजोऱ्या कशाला पाठवेल, हे कुणी विचारलं नाही. मी डबा उघडून दिला.

पुढच्या आखाजीला मुराळी गेला नाही. बायको म्हणाली, "निरोप आला की जा. रीत आहे." मी मान हलवली. तिकडे अक्का बोलावण्याची वाट पाहत होती आणि इकडे आम्ही तिच्या निरोपाची. त्याच्या पुढचीही आखाजी तशीच गेली. मित्रांना गाडीत घालून मी पद्मालयाच्या गणपतीला जायचो, ते चढताना कण्हायचे आणि गाडीची तारीफ करायचे. कडक स्प्रिंगांनी कंबर धरायची. मी कुणाला सांगितलं नाही.

मग चैत्रात साक्रीला एका लग्नात बायकोला अक्काची सून भेटली. बायको मुलाच्या गाडीने गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, त्यांची सून सांगत होती. अक्का दर आखाजीला नवं लुगडं नेसून, पिशवी भरून उंबऱ्यावर बसतात म्हणे. दुपार टळली की उठतात, पिशवी रिकामी करतात. ज्या बाईला माहेर नको, ती असं कशाला करेल?"

चहा खाली ठेवून मी माळ्यावर चढलो. पाइपांच्या मागे पायदानं होती, धुळीने भरलेली. ती गाडीत टाकली आणि धुळ्याला गेलो. टोपीवाला मालक म्हणाला, "आबा, लोक चढवायला येतात, तुम्ही उतरवायला? चित्रण करू का?" मी नको म्हणालो. माझा चेहरा पाहून त्यानेही मोबाइल खिशात घातला. कडी मातीने धरली होती, पण फिरली. जेवणवेळेच्या आत गाडी खाली आली. मऊ स्प्रिंग घातल्या, पायदानं बसवली, टायरही पुन्हा जुन्या मापाचे घातले. दारात उभं राहून मी पाहत होतो. इतकं सोपं होतं ते.

त्या आखाजीला मी पुन्हा मुराळी गेलो. नाल्यातले गोटे आता पंचायतीने उचलले होते, सिमेंटची फरशी टाकली होती. अक्का उंबऱ्यावर होती, पिशवी मांडीवर. मला पाहून उठली, पायदानावर पाय ठेवला, दुसरा पाय आत, आणि बसली. कुणाच्या हातालाही धरावं लागलं नाही.

गाडी खाली आणली म्हणजे मी काही फेडलं असं मला वाटत होतं. पण दीर चाकाशी वाकला होता. "पाव्हना, आते कशी उतरनी? तुम्ही ते म्हन्नात, उतरत नई."

"नवीन तंत्र आलंय," मी म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोललो. आरशात अक्का दिसत होती. ती माझ्याकडेच पाहत होती. साक्री गेलं, धुळं गेलं. एरंडोल जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "तुले लहानपनी मी खांदावर लिसन गावना नाला पार करू. याद शे?"

घरी बायकोने तिच्या पायावर पाणी घातलं आणि तिथेच, दारात, पदराने डोळे पुसत म्हणाली, "अक्का, एवढा राग धरला? आता कसलं माहेर म्हणालात?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. एका क्षणात तिला सगळं कळलं असणार. ती म्हणाली, "हां वहिनी, म्हन्नं मी. म्हातारं मानूस, काई बी बोली जास. पोटमा धरू नको."

माझं पाप तिने माझ्या दारात, माझ्या सुनेसमोर, नातवासमोर आपल्या डोक्यावर घेतलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी पिशवी उचलून आत नेली.

त्यानंतर ती दरवर्षी येते. आधी एकदोन वर्षं तो विषय निघाला नाही. मग तिचं विसरणं सुरू झालं, आणि भावाला झाकायला जे ती एकदा म्हणाली होती तेच तिला खरं वाटू लागलं. आता ती माफी मागते आणि तिच्या डोळ्यांत खरं पाणी येतं.

या आखाजीला ती आली, तांब्या हातात घेतला, "वहिनी, मी तसं..." म्हणाली, आणि मी मध्येच बोललो. सून होती, मुलगा होता, बायको होती. नाला, कडं, पाना, दिराचा प्रश्न, गॅरेज, सगळं सांगितलं.

अक्काने तांब्या खाली ठेवला. "मंग मी तसं म्हनेलच नई?"

"नाही अक्का."

"देख बरं," ती बायकोकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा उजळला होता. "मी म्हनू, मी असं कसं बोलनू. मना तोंडमा असं येवावच नई." मग माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "लबाड शे तू. लहानपनपासून."

बायको उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी हे लिहीत बसलो होतो तर मागे येऊन उभी राहिली आणि वाचू लागली. लुगड्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे अर्धं लिहिलंय. ते लुगडं मी स्वतः धुळ्याला जाऊन, सगळी दुकानं पालथी घालून आणलं होतं. अक्कांना आवडतो तोच रंग. आणि त्यांनी त्याला कधी नाव ठेवलं नाही. एवढी वर्षं मी त्यांना मनात बोल लावले ते तुमच्या 'असेल'वरून. ते लिहा."

लिहिलं.

त्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला अक्काने पुन्हा माफी मागितली होती. दुपारचं काही तिच्यापाशी उरलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, ती पुन्हा तशीच उजळली, मला पुन्हा चापट बसली. आता रोज दोनदा सांगतो. काल मी बाहेर होतो, तर बायकोने सांगितलं. माझ्यापेक्षा तिने चांगलं सांगितलं असणार, कारण मी आलो तेव्हा दोघी हसत होत्या आणि मला पाहून आणखी हसल्या.

परवा अक्काला सोडायला जायचं आहे. दीर आता बाजेवरून फारसा उठत नाही, पण कान शाबूत आहेत. पाना गाडीत आहे. तो त्याच्या हातात देणार आणि सांगणार. हे कागद अक्काच्या सुनेपाशी ठेवून येईन. तिकडेही ती माफी मागत असेल, आणि मी तिथे रोज नसणार. कुणीतरी वाचून दाखवायला हवं.